यूडीआयडीपासून पहिल्या पगारपत्रकापर्यंत

ठाणे किंवा नवी मुंबईत दिव्यांग उमेदवाराला खासगी नोकरी मिळवून द्यायची, तर राज्य सरकारच्या तीन खात्यांशी गाठ पडते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातून. नोंदणी आणि रोजगार मेळावे कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाच्या जिल्हा केंद्रातून. कर्ज, योजना आणि तक्रारी दिव्यांग कल्याण विभागाकडे. हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये सामाजिक न्याय खात्यातून वेगळा झाला. एका खात्यातली माहिती दुसऱ्यात आपोआप जात नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच फाइल नव्याने उघडावी लागते.

आम्ही या वाटेवर उमेदवारांच्या सोबतीला असतो, अर्ज भरण्यापासून ते रुजू झाल्यावर पहिले तीन महिने कंपनीत डोकावण्यापर्यंत. इतक्या फायली हाताखालून गेल्यावर आमचं एक ठाम मत झालं आहे. प्रमाणपत्र शरीराचं मोजमाप सांगतं. कंपनीला पडलेला प्रश्न निराळाच असतो : "हा मुलगा आमच्याकडे नेमकं काय करणार, आणि कसं?" त्याचं उत्तर राज्याच्या कुठल्याच कार्यालयातून छापून मिळत नाही. ते उमेदवाराने स्वतः कागदावर मांडायचं असतं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. त्या कागदाकडे येतोच, पण आधी प्रमाणपत्र. त्यावाचून पुढचं काही हलत नाही.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं, पण पत्त्यात ठाण्याची खास भानगड आहे. अर्ज पत्त्याच्या पुराव्यावर असलेल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात जातो, किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयात. ठाण्याजवळच्या दिवा गावात भाड्याने राहणाऱ्या मुलाच्या आधारवर पत्ता जळगाव जिल्ह्यातला असतो. तो तसाच ठेवून अर्ज केला की तपासणीची तारीख जळगावची येते. आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा. दुसरी गल्लत जिल्ह्याच्या हद्दीची. खारघर, कामोठे, पनवेल यांना बोलण्यात आपण नवी मुंबईच म्हणतो, पण महसुली हिशेबात ते रायगड. सीबीडी बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पुढच्याच स्टेशनावरचं खारघर रायगडात. वसई-विरारकडच्या जुन्या प्रमाणपत्रांवर ठाणे जिल्हा लिहिलेला असतो, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. अशी जुनी प्रमाणपत्रं यूडीआयडीत वर्ग करताना जिल्हा आजचा टाकायचा.

नावाचं म्हणाल तर आधार, दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र या तिन्हींवर ते अक्षरशः एकसारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून नोकरीच्या पडताळणीत फाइल परत येते. प्रमाणपत्र मिळाल्यावर हे दुरुस्त करत बसण्यापेक्षा आधी आधार नीट करणं कमी त्रासाचं.

रुग्णालयात वेगवेगळ्या प्रकारांसाठी वेगवेगळे तज्ज्ञ ठरलेल्या वारी बसतात. कर्णबधिर उमेदवाराला नेत्रतज्ज्ञांच्या दिवशी नेलं तर दिवस फुकट, म्हणून वार आधी विचारून घ्यावा. श्रवणासाठी ऑडिओग्राम आणि गरजेप्रमाणे बेरा (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी चाचणी), बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल, अस्थिव्यंगासाठी क्ष-किरण आणि शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, हे सगळं सोबत असलं तर वैद्यकीय मंडळासमोरचा वेळ वाचतो. २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची केली आहे. अर्ज करून तपासणीला गेलंच नाही तर दोन वर्षांनी तो निकाली निघतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कार्ड तीन रंगांत येतं : ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि त्यावर निळं. नोकरीतलं आरक्षण आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. कायद्याच्या भाषेत ते लक्षणीय दिव्यांगत्व. म्हणून लोक टक्क्यांवरून वाद घालतात. दोन अडचणी असतील तर टक्क्यांची बेरीज होईल असं घरच्यांना वाटतं, पण तशी बेरीज नसते. सूत्र असं : मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले नव्वद वजा मोठा आकडा, भागिले नव्वद. म्हणजे पायाचे ४० आणि हाताचे ३० असतील तर ७० होत नाहीत, साधारण ५७ होतात. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही पण दुसरा चांगला आहे, अशा माणसाला ३० टक्के मिळतात. त्याच्या हाती पांढरं कार्ड येतं आणि आरक्षण मिळत नाही. अशा उमेदवाराला रुग्णालयाच्या फेऱ्या घालायला लावण्यात अर्थ नाही. त्याला खुल्या जागेसाठी तयार करणं बरं.

तात्पुरतं प्रमाणपत्र हाती असेल, म्हणजे ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी असेल, तर मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाला लागावं. मुदत संपलेल्या कार्डावर कंपनीचा मनुष्यबळ विभाग काहीही मान्य करत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

यानंतर राज्याच्या महास्वयम पोर्टलवर रोजगारासाठी नोंदणी. हे काम मोबाइलवरही होतं, फक्त आधारला जोडलेला नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, अशी स्थिती नेहमीची. म्हणून नोंदणी रविवारी करावी. दिव्यांगत्वाच्या रकान्यात "हो" करून प्रकार आणि टक्का भरला नाही तर दिव्यांगांसाठीच्या जागांची यादी काढताना नाव बाहेर राहतं. कित्येक जण हा रकाना मुद्दाम मोकळा सोडतात, कंपनीला आधीच कळू नये म्हणून. त्यांची भीती समजते, पण या पोर्टलवर येण्याचा निम्मा उपयोग त्याच रकान्यात आहे. कौशल्याच्या रकान्यात "कॉम्प्युटर" एवढं लिहून भागत नाही. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, एक्सेलमध्ये फिल्टर आणि बेरीज, टॅलीतली व्हाउचर नोंद, असं मोजून लिहावं. नोंदणी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा आणि नवीन शिक्षण झालं किंवा फोन नंबर बदलला की नोंद अद्ययावत करावी. जुना नंबर राहिल्यामुळे मुलाखतीचा फोन कुणा तिसऱ्यालाच जातो, हे आमच्याकडे सारखं होतं.

याच पोर्टलवरून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव देता येतं. २०२४ मध्ये ती सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी सुरू झाली. विद्यावेतन बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये असं ठरलं. वयाची अट १८ ते ३५. ही नोकरी नव्हे, हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागतं. पण ज्याने कधीच कार्यालय पाहिलेलं नाही त्याला हजेरी, वरिष्ठ, डबा, उशीर या सगळ्याची सवय इथे होते.

आता तो कागद.

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ ला दिव्यांगांसाठी योग्य अशा ३,५६६ पदांची यादी अधिसूचित केली. त्या यादीत प्रत्येक पदापुढे ते काम करायला शरीराच्या कोणत्या क्रिया लागतात ते छोट्या खुणांनी लिहिलेलं आहे : एस म्हणजे बसणं, एसटी उभं राहणं, डब्ल्यू चालणं, बीएन वाकणं, एल उचलणं, केसी गुडघे टेकणं किंवा उकिडवं बसणं, पीपी ओढणं-ढकलणं, एमएफ बोटांचं काम, आरडब्ल्यू वाचन-लेखन, एसई पाहणं, एच ऐकणं, सी संवाद. यादी सरकारी पदांची आहे, पण या खुणा खासगी कामालाही तितक्याच लागू पडतात. आम्ही त्याच क्रमाने उमेदवाराचा एक पानी तक्ता करतो. क्रिया लिहायची, पुढे किती वेळ किंवा किती वजन, आणि त्यापुढे काय लागेल. नमुना असा :

"डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. बसून काम : पूर्ण पाळी. उभं राहून : सलग ४० मिनिटं, मग १० मिनिटं बसायला स्टूल हवं. चालणं : सपाट जागेवर अर्धा किलोमीटर. जिना : कठडा असेल तर दोन मजले. उचलणं : बसून १० किलो, वजन घेऊन चालणं नको. उकिडवं बसणं : जमत नाही, कमोड लागतो. बोटांचं काम, वाचन, ऐकणं, बोलणं : अडचण नाही. ओल्या फरशीवर पाय घसरतो, तिथे रबरी चटई लागेल."

यातले आकडे अंदाजाने लिहू नयेत. मोबाइलचं घड्याळ लावून खरंच उभं राहायचं, पाच आणि दहा किलोच्या पिठाच्या पिशव्या खरंच उचलून पाहायच्या. अंदाजाने लिहिणारे दोन प्रकारचे : एक म्हणतात "कोणतंही काम करायला तयार आहे", दुसरे अर्ध्या गोष्टी नाही म्हणून टाकतात. पहिल्याला कंपनी चुकीच्या जागी बसवते आणि महिन्याभरात तो सोडून जातो. दुसऱ्याला घेतच नाही. शिवाय टक्का आणि काम यांचा थेट संबंध नसतो. १०० टक्के अंध असलेला मुलगा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पूर्ण पाळी ग्राहकांचे फोन घेतो, आणि हाताचे ४५ टक्के असलेल्याला तेच टंकलेखन जमत नाही. मुलाखतीत टक्क्यावर अडलेलं बोलणं या तक्त्याने कामावर येतं. मनुष्यबळ अधिकारी स्टूल, चटई, कठडा ही यादी पाहतात आणि खर्चाची भीती बरीच ओसरते.

सायन-चुनाभट्टी भागात दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. ते केंद्र सरकारच्या श्रम खात्याचं, आणि तिथे व्यावसायिक मूल्यमापन होतं. तो अहवाल जरूर घ्यावा. पण उमेदवार कुठल्या प्रकारच्या कामाला योग्य आहे एवढंच तो सांगतो. महापेतल्या एका कंपनीचं ठरावीक टेबल त्यात नसतं. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठीचं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी खारघरला राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांनी तक्त्यावर नजर टाकली तर तो अधिक पक्का होतो.

रोजगार मेळाव्यांबद्दल थोडक्यातच. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे जिल्हा केंद्राकडून होतात, कधी दिव्यांगांसाठी वेगळे. मंडपात गोंगाट प्रचंड, त्यामुळे श्रवणयंत्र वापरणाऱ्याला काही ऐकू येत नाही आणि दुभाषा एकच असला तर त्याच्याभोवती गर्दी. सकाळी उघडता उघडता जावं. सोबत तक्त्याच्या दहा प्रती, यूडीआयडीची छायाप्रत आणि बायोडेटा. कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न नक्की विचारावा : जागा कुठल्या पत्त्यावर आहे आणि पाळी कोणती? "नवी मुंबई" म्हणजे ऐरोली असू शकतं आणि तळोजाही.

मुलाखतीला कर्णबधिर उमेदवार असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषा आधी ठरवून घ्यावा. आयत्या वेळी मिळत नाही, मग व्हिडिओ कॉलवर भागवावं लागतं. दुभाषाने मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूला बसायचं, म्हणजे उमेदवाराला दोघं एकाच दिशेला दिसतात. खिडकी त्यांच्या पाठीशी नको, नाहीतर हात आणि ओठ अंधारात जातात. प्रश्न उमेदवाराकडे पाहून विचारायचा. "याला विचारा ना, एक्सेल येतं का" असं दुभाषाला सांगणारे अधिकारी भेटतातच. त्यांना हसून एकदा सांगितलं की सुधारतात. लेखी मराठीवरून हुशारी जोखू नये. ज्याची पहिली भाषा सांकेतिक आहे त्याच्या व्हॉट्सॅप संदेशात विभक्ती इकडेतिकडे होतात, वाक्याचा क्रम उलटा येतो. काम समजण्याशी त्याचा संबंध नाही. अशा कर्मचाऱ्याला सूचना देताना एका संदेशात एकच सूचना द्यावी : "उद्या दुसरी पाळी. दुपारी २ ला ये." म्हणी, कोपरखळ्या, "बघू काय ते" असली वाक्यं नकोत.

निवड झाली की वैद्यकीय तपासणी. कारखान्याच्या डॉक्टरकडे छापील फॉर्म असतो, त्यात "फिट" आणि "अनफिट" अशा दोनच चौकटी. कामाची जागा न पाहता डॉक्टर कृत्रिम पाय पाहतात आणि दुसऱ्या चौकटीवर खूण होते. इथे तक्ता पुन्हा बाहेर काढायचा, सोबत कंपनीकडून कामाचं लेखी वर्णन घ्यायचं आणि विचारायचं, "डॉक्टरसाहेब, यातली कुठली क्रिया जमणार नाही?" बहुतेक वेळा ते "अमुक सोय केल्यास फिट" असं हाताने लिहून देतात. ती ओळ फार मोलाची असते, कारण नंतर सोय मागताना कंपनीच्याच डॉक्टरचा आधार मिळतो.

कायद्याचं बळही तिथेच वापरायचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. कोणती पदं योग्य, निवड कशी होणार, कोणती साधनं आणि सोयी देणार, संपर्क अधिकारी कोण, हे त्यात हवं, आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते. आम्ही नेमणूकपत्राबरोबर या धोरणाची प्रत मागतो. लहान कंपन्यांत ती नसते. मग भांडण न करता नमुना धोरण पुढे ठेवायचं. दोन पानांचं काम आहे. दाद न मिळाल्यास पुण्याच्या आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते, पण नोकरीची सुरुवात तक्रारीने करणं उमेदवाराच्या पथ्यावर पडत नाही. ते शेवटचं हत्यार ठेवावं.

रुजू व्हायच्या आधी जागा पाहायला आम्ही मोजपट्टी घेऊन जातो. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांना बाहेर दोन-तीन पायऱ्या असतात. पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. गाळ्यासमोर तेवढी जागा क्वचित असते, गटार आडवं येतं. मालकाने उत्साहाने दीड मीटरची फळी टाकून दिली तर ती व्हीलचेअरसाठी घसरगुंडी ठरते. चढताना खुर्ची मागे उलटते. अशा वेळी मालाच्या धक्क्याकडून सपाट वाट आहे का ते पाहावं. मालाची लिफ्ट मात्र माणसांसाठी आहे का, ते आतल्या पाटीवर वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. दार ९० सेंटिमीटर रुंद हवं आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा. शौचालयाचं दार बहुधा दोन फुटी असतं आणि आत उघडतं. ते बाहेर उघडणारं करणं हा सुताराचा एका दिवसाचा उद्योग, आणि त्याने बरीच जागा मोकळी होते. शौचालय जमत नसेल तर बाकी सगळं जमून उपयोग नाही. विशेषतः मुली दिवसभर पाणी न पिता काम करतात आणि आजारी पडून सोडतात. कारण विचारलं तर "घरची अडचण" असं सांगतात.

भिवंडीकडच्या गोदामात कर्णबधिर मुलं बारकोड स्कॅनिंगचं काम उत्तम करतात. धोका फोर्कलिफ्टचा. मागे येणारी फोर्कलिफ्ट हॉर्न देते, तो त्यांना ऐकू येत नाही. गाडीपुढे जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवा मिळतो, तो बसवून घ्यायचा, चालण्याची पट्टी पिवळ्या रंगाने आखायची आणि आगीच्या घंटेला लुकलुकणारा दिवा जोडायचा. शौचालयातही तो दिवा हवा, तिथे माणूस एकटा असतो.

ऐरोलीच्या आयटी पार्कातली अडचण वेगळी. अंध उमेदवार एनव्हीडीए वापरतो. हा स्क्रीन रीडर मोफत आहे. पण कंपनीचे संगणक कुलूपबंद असतात, बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, पेन ड्राइव्ह बंद. परवानगीसाठी आयटी विभागाकडे विनंती टाकली की तिला वेळ लागतो, म्हणून ती रुजू होण्याच्या दिवशी टाकून चालत नाही. होकार आल्याबरोबर मनुष्यबळ विभागाकडून टाकून घ्यावी. परवानगी मिळाल्यावरही एक मेख राहते. पुष्कळ ठिकाणी काम दूरच्या सर्व्हरवरच्या आभासी डेस्कटॉपवर चालतं. एनव्हीडीए उमेदवाराच्या संगणकावर असतो, काम सर्व्हरवर. मधल्या खिडकीत त्याला फक्त चित्र मिळतं आणि तो गप्प बसतो. मग सगळे म्हणतात, "याला जमत नाहीये." उपाय एकच : स्क्रीन रीडर त्या आभासी डेस्कटॉपच्या आत बसवायचा. त्यानंतर ग्राहकांची माहिती भरायचं सॉफ्टवेअर तपासायचं. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळीने प्रत्येक रकान्यात जाता येतं का, आणि रकान्याचं नाव ऐकू येतं का? "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू आलं तर नावं घालून द्यायला सांगावं. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि ती नेमणुकीच्या आधी झाली पाहिजे.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी कामाचे तुकडे करावे लागतात. "पाकिटं भर" ही एक सूचना नाही. पाकीट घे, तोंड उघड, पत्रक घाल, घडी आत आहे का बघ, चिकटव, ट्रेमध्ये ठेव, दहा झाली की रबर लाव, अशा सात सूचना आहेत. प्रत्येकीचा फोटो काढून टेबलासमोर ओळीने लावायचा. पहिले काही दिवस सोबत बसणारा माणूस हवा, आणि तो हळूहळू मागे सरकला पाहिजे. आधी शेजारी, मग दोन टेबलं लांब, मग नुसता जेवणाच्या सुट्टीत. आई स्वतः येऊन बसली तर ती हातातलं काम काढून घेते. माऊलीला रागवत नाही, पण गेटवरूनच परत पाठवतो. पगार खात्यात येण्याची वेळ आली की काही बँका पालकत्वाचं प्रमाणपत्र मागतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी ते राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. नोकरीची बोलणी सुरू झाली की त्याचाही अर्ज टाकावा, नाहीतर पहिला पगार अडकतो.

प्रवासाची तालीम आधी करून घ्यावी, तीही कामाच्या वेळेत. ठाण्याहून ट्रान्स हार्बर गाड्या फलाट ९ आणि १० वरून सुटतात. दिव्यांगांचा डबा कुठे लागतो ते फलाटावर उभं राहून पाहावं. डब्यात इतरांची गर्दी असतेच. गाडीपेक्षा शेवटचा एक किलोमीटर त्रास देतो. रबाळेला उतरल्यावर एमआयडीसीकडे जायला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडावा लागतो, आणि शेअर रिक्षावाला कुबड्या पाहून थांबेलच असं नाही. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा आणि पहिल्या पायरीची उंची विचारून घ्यावी.

सरकारी नोकरीची आशा बहुतेकांना असते. असावी. चार टक्के समांतर आरक्षण आहे : एक टक्का अंध व अल्पदृष्टी, एक कर्णबधिर, एक अस्थिव्यंग व त्याच गटातले इतर, आणि एक स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता मिळून. राज्याच्या भरतीत वयाची मर्यादा ४५ पर्यंत सैल होते. जाहिरातीत आपला उपप्रकार आहे का ते पाहूनच शुल्क भरावं. पण जाहिरातीची वाट पाहत घरी बसलेली पाच वर्षं बायोडेटात रिकामी दिसतात. स्वतःचा धंदा करायचा असेल तर राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची कर्जं आहेत आणि पर्यावरणस्नेही फिरत्या दुकानाची योजनाही. त्याचा मार्ग वेगळा आणि जामीनदाराचा प्रश्न मोठा.

नोकरी लागली, महिना भरला, की पगारपत्रक घेऊन बसायचं. यात तीन ठिकाणी गफलत होते. पहिली व्यवसाय कराची. ४० टक्के किंवा अधिक कायमचं दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्रात हा कर माफ आहे, पण सॉफ्टवेअर सगळ्यांचा कापतं : महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० रुपये. यूडीआयडीची प्रत पेरोलकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाकडे, स्वतंत्रपणे ईमेलने पाठवावी. मनुष्यबळ विभागाच्या फायलीतली प्रत तिथवर पोहोचत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही ही माफी आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. दुसरी ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची. सर्वसाधारण वेतनमर्यादा २१,००० रुपये, दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी २५,०००. पगार २३,००० असेल तर नेहमीच्या नियमाने त्याला योजनेतून वगळलं जातं आणि दवाखान्याचा खर्च अंगावर पडतो. तिसरी आयकराची : दिव्यांग कर्मचाऱ्याची ७५,००० किंवा तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट जुन्या कररचनेतच मिळते, आणि पेरोलने न विचारता नवी रचना धरलेली असते. पगार कमी असेल तर फरक पडत नाही. आयटीवाल्यांनी मात्र हिशेब करूनच रचना निवडावी.

त्यानंतर आमच्या फेऱ्या विरळ होतात. तिसऱ्या महिन्यात एकदा जाऊन तक्ता पुन्हा भरतो, कारण ४० मिनिटं उभं राहू शकणारा मुलगा एव्हाना तासभर उभा राहत असतो, किंवा कृत्रिम पायाचा साचा सैल झाल्याने वीसच मिनिटं. नवी प्रत पर्यवेक्षकाच्या हाती द्यायची. पर्यवेक्षक बदलतात, आणि नव्या साहेबाला ते स्टूल तिथे कशाला ठेवलंय हे कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्याच आठवड्यात तो ते उचलून ठेवायला लावतो. म्हणून एक प्रत उमेदवाराच्या डब्याच्या पिशवीतही असू द्यावी.